लोडिंगची चूक

एका वहीतल्या एका पानाची झेरॉक्स माझ्याकडे आहे. तारीख २००८च्या पावसाळ्यातली. वर माझ्या विद्यार्थिनीच्या बारीक, उजवीकडे कललेल्या अक्षरात नळ्यांची यादी, मध्ये आकड्यांचा तक्ता, आणि तक्त्याखाली पेन्सिलीने एक ओळ : ‘एच३सुद्धा कमी येतंय. असं का?’ त्या ओळीवर लाल शाईची आडवी रेघ आहे आणि समासात शेरा आहे : ‘लोडिंगची चूक. पुन्हा कर.’ रेघ मी मारली, शेराही माझाच.

त्या शेऱ्यापायी तिचे नऊ महिने गेले. काय चुकलं ते सांगायचं तर आधी आम्ही काय मोजत होतो ते सांगायला हवं.

आमची लॅब यीस्टवर काम करते. पाव फुगवणारं तेच यीस्ट, सॅकरोमायसिस सेरेव्हिसी. १६ गुणसूत्रं, सुमारे १ कोटी २० लाख अक्षरांचा डीएनए, ६,०००च्या आसपास जनुकं. हा डीएनए पेशीत मोकळा पडलेला नसतो. १४७ अक्षरांचा एकेक तुकडा आठ हिस्टोन प्रथिनांच्या गठ्ठ्याभोवती जवळजवळ पावणेदोन वेढे घेऊन बसतो. गठ्ठ्यात एच२ए, एच२बी, एच३ आणि एच४ ही चार प्रथिनं प्रत्येकी दोन. दोऱ्याच्या रिळासारखी ही रचना, तिला न्यूक्लिओसोम म्हणतात. रिळातून हिस्टोनांची शेपटं बाहेर आलेली असतात, आणि त्या शेपटांवर पेशी रासायनिक खुणा करते. शेपटातल्या लायसिन या अमिनो आम्लावर ॲसिटिल गट चढवला की लायसिनचा धनभार जातो, डीएनएवरची पकड सैलावते, आणि ती खूण ओळखणारी प्रथिनं तिथे येऊन बसतात. मिथाइल गटाने भार बदलत नाही, पण ती खूण वाचणारेही आहेत. कोणतं जनुक चालू राहणार आणि कोणतं गप्प बसणार, हे ठरण्यात या खुणांचा मोठा वाटा आहे.

ॲसिटिल आणि जनुकांची हालचाल यांचा काही संबंध असावा, हे व्हिन्सेंट ऑल्फ्री यांनी १९६४ मध्येच मांडलं होतं. पण पुरावा मिळायला यीस्टची वाट बघावी लागली, आणि त्याचं कारण फार साधं आहे. माणसात हिस्टोनांच्या जनुकांच्या प्रती डझनांनी, यीस्टमध्ये प्रत्येकाच्या फक्त दोन. दोन्ही काढून टाकायच्या आणि प्लास्मिडवरून आपल्याला हवा तसा बदललेला हिस्टोन द्यायचा, हे यीस्टमध्ये जमतं. मायकेल ग्रुनस्टाइन यांच्या गटाने १९८८ मध्ये एच४चं शेपूट छाटलं, तर एरवी कायम बंद असणारी जनुकं जागी झाली. तोवर हिस्टोन म्हणजे नुसती गुंडाळण्याची सोय असं मानणारे पुष्कळ होते. १९९६ मध्ये डेव्हिड ॲलिस यांच्या गटाने टेट्राहायमेना या एकपेशीय जीवातून ॲसिटिल चढवणारं एन्झाइम वेगळं काढलं, आणि ते निघालं यीस्टमध्ये आधीच माहीत असलेल्या जीसीएन५चं भावंड. जीसीएन५ जनुकं चालू करायला मदत करतं हे ठाऊक होतं, कसं ते तेव्हा कळलं. ग्रुनस्टाइन आणि ॲलिस या दोघांना २०१८ चा लास्कर पुरस्कार मिळाला तेव्हा मी लॅबमध्ये पेढे वाटले होते. या विषयावर माझं असं प्रेम आहे, आणि माझ्या चुकीचं मूळ या प्रेमातही होतं.

आमचं जनुक होतं गॅल१. यीस्टला ग्लुकोज मिळत असेल तर ते दुसऱ्या साखरेकडे ढुंकून बघत नाही, गॅलॅक्टोज पचवणारी जनुकं तेव्हा घट्ट बंद असतात. म्हणून पेशी आधी रॅफिनोजवर वाढवायच्या. ही साखर त्या जनुकांना दाबतही नाही आणि उठवतही नाही. मग फ्लास्कमध्ये गॅलॅक्टोज ओतायचं. अर्ध्या तासात गॅल१ जोरात चालू होतं. गॅल४ हे प्रथिन आधीपासून दारात बसलेलं असतं. गॅल८०ने त्याला धरून ठेवलेलं असतं, गॅलॅक्टोज आलं की ती पकड सुटते, आणि गॅल४ बोलावून आणतं सागा नावाचा मोठा प्रथिनसमूह. जीसीएन५ त्याच समूहात असतं. म्हणजे गॅलॅक्टोज घातल्यावर गॅल१च्या प्रमोटरवर, जनुकाच्या सुरुवातीच्या त्या नियंत्रक भागावर, एच३चं ॲसिटिलीकरण वाढायला हवं.

आमच्याकडे ते कमी येत होतं.

मोजायची पद्धत चिप. मी ती परदेशात, २००१ साली शिकले. वाढत्या कल्चरमध्ये फॉर्माल्डिहाइड घालायचं, १ टक्का, पंधरा मिनिटं, म्हणजे जे प्रथिन डीएनएवर जिथे बसलंय तिथेच चिकटून राहतं. यीस्टची भिंत चिवट, म्हणून काचेच्या बारीक मण्यांबरोबर पेशी घुसळून फोडायच्या. सोनिकेटरने डीएनएचे तुकडे करायचे. मग हवी ती खूण ओळखणारी अँटिबॉडी घालून तेवढेच तुकडे ओढून काढायचे, ६५ अंशांवर रात्रभर ठेवून जोड सोडवायचे आणि दुसऱ्या दिवशी पीसीआरवर मोजायचं, की त्यात गॅल१चा प्रमोटर किती आला. आलेला आकडा सुरुवातीच्या मालाच्या किती टक्के, ते लिहायचं. मी शिकले तेव्हा आमच्या गटात एवढंच करत. तीच सवय घेऊन मी पुण्याला आले आणि तीच विद्यार्थ्यांना लावली.

ॲसिटिल कमी येतंय हे पहिल्यांदा दिसलं तेव्हा मला झोप लागली नव्हती, आनंदाने. कारण माझ्या डोक्यात एक शोधनिबंध होता. २००२ मध्ये ग्रुनस्टाइन यांच्याच गटाने दाखवलं होतं, की हॉस२ हे ॲसिटिल काढून टाकणारं एन्झाइम जनुक चालू राहायला लागतं. काढणारं एन्झाइम म्हणजे जनुक बंद करणारं, या समजुतीला त्याने धक्का दिला होता, आणि त्यातही गॅल१ होतं. त्यांचं काम मुख्यतः जनुकाच्या आतल्या भागाबद्दल होतं. मला वाटलं, आपण पुढचं पाऊल टाकलंय : हॉस२ प्रमोटरवरही येतं, जीसीएन५ने चढवलेलं ॲसिटिल उतरवतं, आणि या चढ-उतारावर जनुक चालतं. चित्र इतकं देखणं होतं की मी ते त्याच आठवड्यात फळ्यावर काढलं, आणि ते वर्षभर पुसलं नाही.

मग आम्ही हॉस२ काढून टाकलेली यीस्टची जात घेतली. तिच्यात गॅलॅक्टोज घातल्यावर ॲसिटिल तेवढं कमी झालं नाही. मी टेबलावर हात आपटून म्हणाले, झालं, सिद्ध झालं. काढणारा काढून टाकला, काढणं थांबलं.

हा निकाल खरा होता, पण मी म्हणत होते त्या कारणाने नव्हता. तो किती वेगळ्या कारणाने खरा होता, हे फार पुढे कळलं.

माझी ही विद्यार्थिनी तेव्हा पीएचडीच्या पहिल्या वर्षाला होती. तालुक्याच्या कॉलेजातून आलेली, लॅब मीटिंगमध्ये इंग्रजी बोलताना अडखळणारी, पण मराठीत विचारलं तर नेमकं उत्तर देणारी. तिला प्रयोग नीट जमतोय ना हे बघायला एक वेगळी नळी लावावीशी वाटली. कोणत्याही खुणेची नाही, साध्या एच३ची. खूण असो वा नसो, एच३ आहे तिथे धरणारी अँटिबॉडी. लॅबच्या फ्रीजमध्ये ती कुणाची तरी उरलेली पडली होती. मी तिला तसं करायला सांगितलं नव्हतं.

ती वही घेऊन माझ्या खोलीत आली. “मॅडम, एच३च कमी येतंय. गॅलॅक्टोजमध्ये. बघता का?”

मी बघितलं म्हणण्यापेक्षा नजर टाकली. “अगं, दोन्ही नळ्यांत माल सारखा पडला नसेल. पिपेटिंगकडे लक्ष दे.”

“तीनदा केलंय मॅडम.”

“मग तीनदा तीच चूक होत असेल.” आणि मी वही ओढून रेघ मारली.

ती काही बोलली नाही. वही घेऊन गेली.

आता त्याच पानाकडे नीट बघितलं की माझा श्वास अडकतो. कारण उत्तर त्याच तक्त्यात होतं, दोन रकाने पलीकडे. पाचव्या गुणसूत्रावर जनुक नसलेली एक जागा आम्ही तुलनेसाठी नेहमी मोजत असू. तिने तीही मोजली होती, त्याच नळीतल्या त्याच डीएनएवर, फक्त प्रायमर वेगळे. तिथला एच३चा आकडा रॅफिनोजमध्ये आणि गॅलॅक्टोजमध्ये जवळपास सारखाच होता. नळीत माल कमी पडला असता तर सगळ्याच जागी कमी आलं असतं. एकाच नळीत एक जागा घसरते आणि दुसरी तशीच राहते, हे लोडिंगच्या चुकीने होऊच शकत नाही. एम.एस्सी.च्या पेपरात हा प्रश्न असता तर मुलांनी पाच मिनिटांत सोडवला असता. मी तो रकाना वाचलाच नाही.

का नाही वाचला, याचा मी पुष्कळ विचार केला आहे. एक तर ते चित्र मी एका परिषदेत सांगून आले होते, आणि निधीच्या अर्जातही ते होतं. पण मला जास्त टोचतं ते दुसरं. हाच आकडा आमच्या सीनिअर मुलाने आणला असता तर मी थांबून विचारलं असतं, असं मला वाटतं. ती लहान कॉलेजातली म्हणून तिचा हात कच्चा असणार, हे मी न तपासता धरून चालले. मी स्वतः कराडच्या कॉलेजातून पुण्याला आले होते. माझ्याबद्दल लोक असंच धरून चालत तेव्हा मला काय वाटायचं, ते मला चांगलं आठवत होतं, आणि तरीही मी तेच केलं.

घडत काय होतं ते सोप्या आकड्यांत सांगते. समजा १०० पेशी आहेत. गॅल१ बंद असताना त्या १०० पेशींत प्रमोटरवर एकेक हिस्टोन बसलाय आणि त्यातल्या २०वर ॲसिटिल आहे. जनुक चालू झालं की बहुतेक पेशींत प्रमोटरवरचे न्यूक्लिओसोम उठून जातात. समजा २० पेशींतच हिस्टोन उरला, आणि त्यातल्या १०वर ॲसिटिल आहे. अँटिबॉडी फक्त खुणा मोजते : आधी २०, नंतर १०. आमचा ग्राफ म्हणणार, ॲसिटिल निम्म्यावर आलं. पण उरलेल्या हिस्टोनांमागे बघा : आधी पाचात एकावर होतं, आता दोनात एकावर आहे. ॲसिटिल वाढलंय. ज्या भिंतीवर खूण होती ती भिंतच बहुतेक ठिकाणी गेली, आणि मी म्हणत बसले की खूण कुणीतरी पुसली.

हे तेव्हा अज्ञात होतं असंही नाही. पीएचओ५ या जनुकाच्या प्रमोटरवरून न्यूक्लिओसोम खरोखर उठून जातात, हे २००३ मध्ये प्रसिद्ध झालं होतं. चालू जनुकांच्या प्रमोटरवर हिस्टोन विरळ असतात, हे यीस्टच्या सगळ्या जनुकांवर २००४ मध्ये दाखवलं गेलं. त्याच वर्षी गॅलॅक्टोज पचवणारी जनुकं चालू झाल्यावर त्यांच्यावरचे हिस्टोन निघून जातात आणि जनुक बंद होताच झपाट्याने परत येतात, हेही आलं होतं. ते निबंध माझ्या कपाटात, पिवळ्या रंगाने रेघा मारलेले, होते. वाचताना मला ते न्यूक्लिओसोमबद्दलचे वाटले, आणि माझं काम खुणांबद्दलचं. दोन्ही एकाच भागाकाराचे वरचे आणि खालचे आकडे आहेत, हे मला जोडता आलं नाही.

आणि हॉस२? हॉस२ नसलेल्या जातीत गॅल१ मुळातच कमी जोराने चालू होतं. हे २००२च्या त्या निबंधातच होतं. जनुक कमी चालू, म्हणून न्यूक्लिओसोम कमी उठतात, म्हणून प्रमोटरवर हिस्टोन जास्त उरतात, म्हणून ॲसिटिलचा आकडा ‘तेवढा कमी झाला नाही’. हॉस२ प्रमोटरवर काय करतं याबद्दल आमचा प्रयोग काहीच सांगत नव्हता. एका चुकीच्या वाचनाला दुसरं चुकीचं वाचन टेकू देत होतं, आणि दोन्ही जागी नेमका एकच आकडा गायब होता. संशोधनात मला भीती वाटते ती अशा जुळणीची. दोन वेगवेगळे प्रयोग एकच सांगतात असं वाटतं तेव्हा दोघांच्या पोटात एकच चूक नाही ना, हे बघायचं मन होत नाही.

पुढचे नऊ महिने ती मुलगी मी सांगितलेलं करत राहिली. हॉस२ प्रमोटरवर सापडतं का म्हणून त्याला टॅग लावला, चिप केली. कधी किंचित सापडल्यासारखं, कधी नाही. पहाटे पाचला ओडी, म्हणजे कल्चरचा गढूळपणा, बघायला यायची, कारण कल्चर ०.६ला पोचायची वेळ तशीच यायची. एच३ची नळी तिने पुन्हा लावली नाही. मी लावू दिली असती का, मला सांगता येत नाही.

निबंध पाठवला. दोन महिन्यांनी परीक्षणं आली. एका परीक्षकाने दीड पान लिहिलं होतं, पण पहिल्या प्रश्नापुढे मी गेलेच नाही. एकूण एच३ किती आहे आणि त्याने भागल्यावर हा परिणाम उरतो का, असं त्यात विचारलं होतं. मी खुर्चीतून उठले, तिच्या बेंचवर गेले आणि जुनी वही मागितली. ती तिने एका मिनिटात काढून दिली, पानासकट. तिला पान शोधावं लागलं नाही.

आम्ही दोघींनी तिथेच बसून भागाकार केला. मी आकडे वाचत होते, ती कॅल्क्युलेटरवर करत होती. रॅफिनोज, गॅलॅक्टोज, तीन वेळचे. तिन्ही वेळा एच३मागचं ॲसिटिल वर गेलं होतं, पुस्तकात लिहिलंय तसं, सागाने जे करायला हवं तेच. पुस्तकाबाहेरचं आमच्याकडे काही नव्हतं. मी तिला म्हणाले, “तू बरोबर होतीस. मी तुझं ऐकलं नाही. माझी चूक आहे.” ती म्हणाली, “असू द्या मॅडम.” ते ‘असू द्या’ मला अजून पुरत नाही.

निबंध मी मागे घेतला. निधीच्या समितीला कळवलं. पुढच्या लॅब मीटिंगमध्ये वहीचं ते पान पडद्यावर लावलं, लाल रेघेसकट, आणि सगळ्यांसमोर सांगितलं.

तेव्हापासून मी माझ्या जुन्या कामाकडेही नव्याने बघू लागले, आणि तिथेही एक ठिकाण निघालं. वर्गात मी कित्येक वर्षं एका प्लेटचा फोटो दाखवत असे. यूरा३ हे जनुक गुणसूत्राच्या टोकाशी ठेवलं की ते बंद पडतं, आणि त्या पेशी ५-एफओए या रसायनावर जगतात. चालू असेल तर त्याच रसायनाचं विष बनतं आणि पेशी मरतात. डॉट१ हे एच३च्या ७९व्या लायसिनवर मिथाइल चढवणारं एन्झाइम. ते काढलं की पेशी मरायच्या, आणि मी मुलांना सांगायचे : बघा, डॉट१ गेलं, टोकाची शांतता मोडली. २०११ मध्ये ब्रूस स्टिलमन यांच्या गटाने दाखवलं, की डॉट१च्या बाबतीत ही परीक्षा आपल्याला वाटतं ते मोजत नाही. ५-एफओएमुळे पेशीतला डीएनएच्या घटकांचा ताळमेळच बिघडतो, आणि त्या जागी वापरलेल्या यूरा३च्या प्रमोटरचाही त्यात हात असतो. मी फोटो काढून टाकला आणि आधीच्या ज्या तुकड्यांचे ई-मेल माझ्याकडे होते त्यांना कळवलं. काहींची उत्तरं आली. एकाने लिहिलं होतं, की तो तेच आता त्याच्या कॉलेजात शिकवतोय, आणि उद्या वर्गात दुरुस्ती सांगेल.

माझ्या विद्यार्थिनीने प्रबंधाचा विषय बदलला. गॅल१ चालू असताना गेलेले हिस्टोन ग्लुकोज घातल्यावर किती मिनिटांत परत येतात, आणि परत येणाऱ्या एच३वर ५६व्या लायसिनची ॲसिटिल खूण असते का. ती खूण पेशी नव्याने तयार झालेल्या एच३वर लावते, म्हणून तिच्यावरून कळतं की येणारे हिस्टोन ताजे की जुने. प्रश्न तिचा, मांडणी तिची. मी फक्त अँटिबॉडीचे पैसे उभे केले.

व्हायव्हाला बाहेरगावचे परीक्षक होते. शेवटी त्यांनी कौतुकाने विचारलं, ही कल्पना मुळात कशी सुचली. ती क्षणभर थांबली. माझ्याकडे बघितलं नाही. म्हणाली, “सर, पहिल्या वर्षी एका प्रयोगात लोडिंगची गडबड झाली होती. त्यातून सुचलं.”

व्हायव्हात मार्गदर्शकाने मध्ये बोलायचं नसतं. मी उभी राहिले. म्हटलं, “सर, लोडिंग बरोबर होतं. वाचण्यात गडबड माझी झाली होती.” परीक्षकांनी मान हलवली आणि पुढचा प्रश्न विचारला, हिस्टोन परत येण्याच्या वेळेबद्दल, आणि ती फळ्याकडे वळून उत्तर काढू लागली.